विल्यम हेन्री स्लीमन आणि जबलपूरची अश्मीभूत हाडे

१९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक असलेले कमानिया गेट ही जबलपूरच्या अर्वाचीन इतिहासाची खूण होय. याच नगरीतील बडा शिमला टेकडी मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या जीवसृष्टीची साक्ष देते. ती साक्ष प्रथम उजेडात आणणारे विल्यम हेन्री स्लीमन पेशाने सैनिक होते.

त्यांचा जन्म १७८८ साली इंग्लंडातील कॉर्नवॉल येथे झाला. बंगालच्या सैन्यातून ते नर्मदाकाठी प्रशासक म्हणून आले. ठगांच्या बंदोबस्तामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १८२८ साली अश्मीभूत लाकूड शोधताना त्यांना या टेकडीवर प्रचंड हाडे सापडली. त्यांचा उलगडा करणारे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. ‘डायनोसॉर’ हे नावही १८४२ मधले. तरीही स्लीमन यांनी ती हाडे जपली. डॉ. स्पिल्सबरी यांच्यामार्फत ती कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचली.

१८५६ मध्ये मायदेशी परतताना समुद्रप्रवासातच स्लीमन निवर्तले. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांतील शेपटीच्या मणक्यांच्या आधारे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. आशियातील डायनोसॉरचे हे पहिले ज्ञात अवशेष होत. कालांतराने ते दृष्टीआड झाले. २०१२ मध्ये त्यांतील एक मणका भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात पुन्हा गवसला.

न उलगडलेली वस्तू जपून जाणत्यांच्या हाती सोपवणे, हीही विद्येची मोठी सेवा होय.