लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईला गेले. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नसत. म्हणून ते यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हे बरेच झाले!

पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला. आधी कागदावर आकृती, मग लाकडी नमुना, मग ओतकाम. आज असा नमुना संगणकावर तयार करून तपासतात. पण लोखंडाने जमिनीत विष पसरेल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. सुमारे दोन वर्षे नांगर खपलेच नाहीत. तरी लक्ष्मणरावांनी काम सोडले नाही.

नंतर बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा साताऱ्याजवळील औंध संस्थानच्या राजांनी त्यांना एक माळ दिला. तेथे निवडुंग आणि साप होते. तो साफ करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.