विमा गहाण, हातात ५० पौंडांचा कॅमेरा : दादासाहेब फाळकेंनी आपला 'सेटअप' असा निवडला

वर्ध्यात बसून एखाद्याला गेमिंगसाठी अन् ४के सिनेमांसाठी होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचा असेल तर तो आधी काय करतो? दहा रिव्ह्यू बघतो, दोन मित्रांना फोन लावतो, ईएमआयचं गणित मांडतो. तरी धाकधूक राहतेच.

कारण रिसीव्हर ही एकटी वस्तू नसते. एका टोकाला गेमिंग कन्सोल, दुसऱ्या टोकाला टीव्ही, मध्ये केबल आणि भोवती स्पीकर. या साखळीतली एक कडी कमी पडली की बाकीच्यांवर घातलेले पैसे पाण्यात. कन्सोल सेकंदाला १२० फ्रेम पाठवू शकतो, टीव्ही त्या दाखवू शकतो, पण मधला रिसीव्हर जुना असेल तर पडद्यावर ६० च दिसणार.

नेमका हाच पेच ११० हून जास्त वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका माणसापुढे होता. रिव्ह्यू नव्हते, ईएमआय नव्हता आणि विचारायला जवळ कोणी अनुभवी माणूसही नव्हता. त्या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

फाळकेंची गोष्ट सहसा 'राजा हरिश्चंद्र' पासून सुरू होते आणि तारामतीचं काम करायला बाई मिळेना इथवर येऊन थांबते. पण त्याच्या आधीचं दीड वर्ष जास्त भारी आहे. हा गडी त्या दीड वर्षात फक्त मशीन निवडत होता.

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे फोटोग्राफी, छपाई असं जे मिळेल ते शिकून घेतलं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, पण प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं आणि ते सगळं तिथेच सुटलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. जादूचे प्रयोगही केले, त्यासाठी आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा असं नाव घेतलं. नंतर छापखाना काढला. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं यांच्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना जोरात चालला, पण भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीच्या तोंडावर ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

ही धरसोड वाटते खरी. पण नीट बघितलं तर लेन्स, केमिकल, प्रकाश आणि परदेशातून मशीन मागवण्याचा व्यवहार हे सगळं या माणसाच्या हाताखालून गेलं होतं.

अशात गिरगावातल्या एका तंबू थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालतोय तर आपले राम आणि कृष्ण का नाही, हे डोक्यात बसलं ते कायमचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईत हलती चित्रं काढणारे फाळके पहिले नाहीत. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्येच कुस्तीचं चित्रण केलं होतं. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ ला, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' च्या जवळपास वर्षभर आधी लागला होता. पण 'पुंडलिक' साठी कॅमेरामन बाहेरचा होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. फाळकेंना हे परवडणारं नव्हतं आणि पटणारंही नव्हतं. त्यांना भोकं पाडण्यापासून पडद्यावर दाखवण्यापर्यंतची अख्खी साखळी स्वतःच्या घरात हवी होती.

मग अभ्यास सुरू झाला. परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग मागवले, पुस्तकं मागवली. एक छोटं खेळण्यातलं सिनेमा मशीन आणि काही रिळं मिळवली. रात्री घरात मेणबत्ती लावायची, तिचा प्रकाश लेन्समधून सोडायचा आणि भिंतीवर चित्र पाडायचं. मेणबत्तीवर चालणारं होम थिएटरच म्हणा ना! त्यात मनोरंजन कमी आणि मशीन उलगडून बघणं जास्त होतं. दिवसा थिएटरात जाऊन चार-चार, पाच-पाच तास सिनेमे बघायचे ते वेगळंच.

याची किंमत डोळ्यांनी मोजली. झोप नाही, सतत लुकलुकणाऱ्या चित्रांकडे बघणं आणि भरीला काळजी. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, वेगवेगळे चष्मे दिले, तेव्हा कुठे नजर परत आली. नजर आल्यावर माणूस सावध होईल असं वाटतं. यांनी लंडनचं तिकीट काढायचं ठरवलं.

पैसे? १२ हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकल्या आणि त्यावर १० हजारांचं कर्ज उचललं. घरात पोरंबाळं, नोकरी नाही, धंदा सुटलेला, आणि आपल्यामागे घरच्यांना आधार म्हणून जे ठेवलं होतं तेच पणाला. १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके बोटीत बसले.

लंडनमध्ये ओळखीचं कोणी नाही. पिकॅडिली सर्कसजवळ फिरताना त्यांना 'बायोस्कोप' या सिनेमा साप्ताहिकाची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत होते, म्हणून थेट आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी परावृत्तच केलं. खुद्द लंडनमध्ये या धंद्यात किती जण बुडाले ते सांगितलं, भारताच्या हवेत हे जमेल का अशी शंका काढली. पण समोरचा माणूस हौशी नाही, तयारी करून आलाय हे त्यांच्या लक्षात आलं. ते फाळकेंना वॉल्टनच्या स्टुडिओत सेसिल हेपवर्थ यांच्याकडे घेऊन गेले. हेपवर्थ म्हणजे तेव्हाचे मोठे ब्रिटिश निर्माते. त्यांनी आपल्या स्टुडिओतला एकेक विभाग या अनोळखी माणसाला उघडून दाखवला.

खरेदी त्यानंतर झाली, हे महत्त्वाचं. आधी मशीन चालताना पाहिलं, वापरणाऱ्यांना विचारलं आणि मग यादी केली.

यादीत विल्यमसन कॅमेरा होता, किंमत ५० पौंड. तेव्हाच्या १५ रुपयांच्या दराने साडेसातशे रुपये. सोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन, म्हणजे परफोरेटर.

कॅमेऱ्याचं कौतुक सगळे करतात, पण यादीतली सगळ्यात हुशार वस्तू हा परफोरेटर होता. ते कसं, ते बघा.

फिल्मच्या दोन्ही कडांना जी चौकोनी भोकं असतात, त्यात कॅमेऱ्याचे आणि प्रोजेक्टरचे दात अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. भोकांमधलं अंतर केसभर जरी चुकलं तरी पडद्यावर चित्र उड्या मारतं किंवा फिल्म फाटते. त्या काळी भोकं न पाडलेली कच्ची फिल्म मिळायची आणि भोकं निर्मात्याने पाडून घ्यायची. सुरुवातीच्या काळात ज्याची त्याची मापं वेगळी होती. १९०९ च्या सुमारास ३५ मिलिमीटर रुंदी आणि प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोकं हे माप बहुतेक सगळ्यांनी मान्य केलं.

थोडक्यात, तो त्या काळचा एचडीएमआय होता. माप पाळलं तर दादरमध्ये तयार झालेली फिल्म जगातल्या कुठल्याही प्रोजेक्टरवर चालणार, चुकलं तर स्वतःच्याच घरात अडकणार. फाळकेंनी १९१४ मध्ये आपले सिनेमे लंडनला नेऊन दाखवले, ते या भोकांच्या जोरावर.

(आजही गोष्ट फार वेगळी नाही. २०२० मध्ये आलेल्या काही महागड्या रिसीव्हरच्या खोक्यावर एचडीएमआय २.१ लिहिलेलं होतं, पण ठरावीक गेमिंग कन्सोल जोडून ४के १२० लावलं की पडदा काळा पडायचा. आतल्या चिपमध्ये दोष होता. खोक्यावरचा आकडा आणि साखळी प्रत्यक्षात जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

१ एप्रिल १९१२ ला फाळके परतले आणि त्याच दिवशी फाळके फिल्म्स कंपनी काढली. मे महिन्यात मशीनच्या पेट्या आल्या. सोबतच्या आकृत्या बघत चार दिवसांत सगळं जोडलं. मग शेजारच्या पोरांना उभं करून थोडं चित्रण केलं, धुतलं, भिंतीवर टाकून बघितलं. चित्र स्थिर होतं. साखळी जुळली होती.

आता सिनेमा काढायला पैसे हवेत आणि देणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. तेव्हा त्यांनी कुंडीत बी लावलं आणि कॅमेरा समोर रोवून रोज थोडं थोडं चित्रण केलं, महिनाभराहून अधिक काळ. मिनिटभराच्या त्या फिल्ममध्ये बी फुटतं, कोंब येतो, वेल चढत जाते. 'अंकुराची वाढ' बघून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले. ते तारण मागत होते, ते दिलं सरस्वतीबाईंनी. अंगावरचे दागिने काढून दिले.

सरस्वतीबाईंचं नाव दागिन्यांपुरतं घेणं मात्र अन्यायाचं आहे. घरातल्या अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांचं. एक साधा हिशोब करू. 'राजा हरिश्चंद्र' ची लांबी सुमारे ३७०० फूट. फुटाला १६ फ्रेम, फ्रेमला दोन्ही बाजू मिळून आठ भोकं. म्हणजे सिनेमाच्या एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं! निगेटिव्हची आणखी वेगळी. त्याशिवाय केमिकल कालवायची, चित्रीकरणात उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवायचा आणि युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. तारामतीच्या कामासाठी फाळकेंनी त्यांनाही विचारलं होतं. त्यांनी नकार दिला, कारण मग बाकीचं कोण करणार? शेवटी एका खानावळीतला साळुंके नावाचा आचारी तारामती झाला.

सिनेमाला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. तो चालला, जोरात चालला.

पुढची काही वर्षं सुखाची. मुक्काम नाशिकला हलला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', १९१७ चा 'लंका दहन', १९१८ चा 'श्रीकृष्ण जन्म', १९१९ चा 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झाली ती त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. भागीदारांना हिशोब हवा होता आणि फाळकेंना पडद्यावर हवं ते. छापखान्यातलीच गोष्ट पुन्हा घडली. रागावून काशीला गेले, नाटक लिहिलं, परत आले.

मग १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलायला लागला.

इथे फाळकेंच्या साखळीचीच पंचाईत झाली. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ फ्रेम. हात थोडा जलद-संथ झाला तरी बिघडत नसे. बोलपटात सेकंदाला २४ फ्रेम ठरल्या आणि वेग घड्याळासारखा एकसारखा लागू लागला, कारण वेग हलला की आवाज चिरकतो. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला आली, तिने चित्राची जागा खाल्ली. जुन्या कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये ऐकू यायची. उन्हात चादर धरून केलेलं चित्रण चालेना, आवाज बंद करणारा स्टुडिओ हवा. साउंड रेकॉर्डिंगचं मशीन हवं, थिएटरात नवा प्रोजेक्टर हवा, स्पीकर हवेत.

एखादी कडी बदलून भागेल असं हे नव्हतं. सगळंच बदलायला हवं होतं, आणि आता गहाण टाकायला पॉलिसी नव्हती. फाळकेंनी १९१२ मध्ये मशीन चुकीचं निवडलं होतं का? अजिबात नाही. मूकपटाच्या त्या तंत्रावर त्यांनी जवळपास वीस वर्षं काढली. कुठल्या रिसीव्हरचं इतकं आयुष्य असतं?

त्यांचा 'सेतुबंधन' नेमका या सांध्यात सापडला. मूकपट म्हणून तयार झाला, पण मूकपटाला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. मग वरून आवाज चढवून तो लोकांपुढे आणावा लागला.

बोलपट त्यांनी एकच केला, 'गंगावतरण'. तोही स्वतःच्या मशीनवर नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या बोलावण्यावरून कोल्हापूर सिनेटोनसाठी केला. १९३७ मध्ये तो लागला तेव्हा फाळके ६७ वर्षांचे होते. त्यात डोक्यावर गंगा उतरते ती ट्रिक सीनची करामत पुन्हा त्यांचीच होती, पण सिनेमा जेमतेम चालला.

त्यानंतर ते नाशिकला घरी बसले. १६ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच गेले. नव्वदहून जास्त सिनेमे काढलेल्या माणसाकडे शेवटी पैसा उरला नव्हता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला, पहिला देविका राणी यांना मिळाला.

सरस्वतीबाईंनी भोकं पाडलेल्या फिल्मपैकी फारच थोडी शिल्लक आहे. 'हरिश्चंद्र' ची म्हणून काही रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.