जॉन स्कॉट हाल्डेन : पाणबुड्यांना थांबायला शिकवणारे शास्त्रज्ञ



आज आपण जॉन स्कॉट हाल्डेन यांच्या जीवनाविषयी माहिती पाहू. आजही खोल समुद्रात उतरणारा माणूस यांच्याच हिशोबावर भरवसा ठेवून वर येतो.

हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. शिक्षण वैद्यकाचं, पण दवाखाना काही त्यांनी थाटला नाही. माणूस ज्या हवेत काम करतो ती हवा त्यांना तपासायची होती. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार गेले. हाल्डेन स्वतः तिथे पोहोचले. बहुतेक जण स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने मेले, हे त्यांनी दाखवून दिलं. हा वायू त्यांनी आधीच स्वतःच्या अंगावर हुंगून पाहिला होता! खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्या, हा सल्लाही त्यांचाच.

पुढे ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांचा प्रश्न त्यांच्याकडे सोपवला. त्या काळी वरून पंपाने हवा सोडत, आणि खाली माणूस गुदमरून बेशुद्ध पडे. हाल्डेन यांनी शिरस्त्राणातली हवा तपासली, तर त्यात कार्बन डायऑक्साइड साठलेला. म्हणजे दोष खालच्या माणसाचा नव्हताच, वरून हवा कमी पडत होती.

दुसरं संकट वर येतानाचं. दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. त्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस घाईने वर आला की त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात, जीवही जातो. वर्गात सोड्याची बाटली आधी झटकन आणि मग हळूहळू उघडून दाखवा, मुलांना हे लगेच कळतं.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील दाबाच्या टाकीत त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. त्रास झालेली शेळी पुढचा पाय उचलून धरायची. (मुक्या जनावरांचे हे हाल वाचताना मन खट्टू होतं, हे खरं.) त्यातून त्यांना दिसलं की दाब निम्म्यावर येईपर्यंत लवकर वर आलं तरी चालतं, मात्र तिथून पुढे दर १० फुटांवर थांबायचं. किती मिनिटं, ते खोलीवर आणि खाली काढलेल्या वेळेवर ठरणार. शरीराचे काही भाग नायट्रोजन लवकर सोडतात, काही फार सावकाश, हेही त्यांनी हिशोबात धरलं.

१९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ नौदलाचे डॅमंट आणि कॅटो हे दोघे २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल जाऊन सुखरूप वर आले. याच मोहिमेत हाल्डेन यांनी आपल्या १३ वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरवलं. पोशाख सैल, त्यामुळे आत पाणी शिरलं. पोरगं वाचलं खरं, पण एक शिक्षिका म्हणून मला हे बिलकूल पटत नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालणं वेगळं. बापावर विश्वास ठेवणाऱ्या लेकराचा घालणं वेगळं.

१९०८ साली बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासोबत त्यांनी हे कोष्टक प्रसिद्ध केलं. कुठल्या खोलीवर किती थांबायचं ते लिहून ठेवल्यामुळे पाणबुड्याच्या धाडसावर किंवा वरच्या मुकादमाच्या घाईवर काही सोपवायचं राहिलं नाही. फार खोल आणि फार वेळ चाललेल्या बुड्यांना पुढे ते अपुरं पडलं, म्हणून नौदलांनी त्यात दुरुस्त्या केल्या. तरी मनगटावरचे आजचे डाइव्ह कॉम्प्युटर मुळात त्याच पद्धतीने मोजतात.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकांना वाचवण्याचं कामही त्यांनी केलं. मार्च १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. ज्याला त्यांनी समुद्रात उतरवलं होतं तो मुलगा म्हणजेच जे. बी. एस. हाल्डेन. तेही मोठे शास्त्रज्ञ झाले, १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तेही स्वतःच दाबाच्या टाकीत जाऊन बसत.