केट ग्रीनवेबाई : पिनाफोर शिवणारी चित्रकर्ती

लहान मुलींना फ्रॉकावरून घालावयाचे जे बिनबाह्यांचे वस्त्र असते त्याला पिनाफोर म्हणतात. आपल्याकडे पुष्कळ शाळांत तो मुलींचा गणवेष म्हणून आला आहे, त्यामुळे वाचकांपैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल. नावाची हकीकत साधी आहे. पूर्वी विलायतेत हे वस्त्र म्हणजे झग्याच्या पुढल्या बाजूस टाचण्यांनी टाचलेला एक कापडाचा पट्टा असे. पिन म्हणजे टाचणी व अफोर म्हणजे पुढे, ह्यावरून पिनाफोर. आतला चांगला झगा मळू नये व घरच्या बाईचे धुणे कमी व्हावे, एवढाच त्याचा हेतू. अशा ह्या कामापुरत्या वस्त्राला ज्या बाईने देशोदेशी मान मिळवून दिला, तिचे चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

केट ग्रीनवे हिचा जन्म लंडन शहराच्या हॉक्स्टन नामक भागात इ. स. १८४६ च्या मार्च महिन्याच्या १७ व्या तारखेस झाला. बाप जॉन ग्रीनवे हा लाकडी ठोकळ्यांवर चित्रे कोरणारा कारागीर होता. त्या काळी वर्तमानपत्रात चित्र छापावयाचे तर ते अगोदर लाकडावर कोरावे लागे, आणि बातमी ताजी असल्यास हे काम रात्रभर जागून करावे लागे. आई एलिझाबेथ ही शिवणकामात निपुण होती. केट अगदी तान्ही असताना आईची प्रकृती बिघडली, म्हणून तिला नॉटिंगहॅम परगण्यातील रोलस्टन ह्या खेड्यात चॅपल नावाच्या एका शेतकरी कुटुंबाकडे ठेवण्यात आले. पुढे ती लंडनला परत आली, तरी उन्हाळ्यात ह्या गावी जाण्याचा परिपाठ तिने पुष्कळ वर्षे चालविला.

रोलस्टनच्या ह्या वास्तव्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे, कारण केटबाईंचे पुढील सर्व भांडवल येथेच जमा झाले. लंडनमध्ये त्या वेळी मुलींना फुगीर घेराचे, ताठ व जड झगे घालीत. खेड्यात मात्र जुनी चाल शिल्लक होती. पुरुष चुण्यांवर टाके घातलेले ढगळ स्मॉक घालून शेतावर जात, बायका डोक्यावर कापडी झडपेच्या टोप्या घालीत, मुली लांब व सैल पिनाफोर घालून कोंबड्यांमागे धावत. शहरच्या लोकांना हे वेष आजीच्या काळातले व हसण्याजोगे वाटत. आपल्याकडेही खेड्यातून शहरात शिकावयास गेलेला मुलगा पहिल्या सुटीत घरी येतो तेव्हा त्याला आजीचे लुगडे व आजोबांचे मुंडासे पाहून ओशाळल्यासारखे होते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. ह्या मुलीला ओशाळे वाटले नाही. तिने ते सर्व मनात साठवून ठेवले.

इतक्यात घरावर संकट आले. बापाने एका प्रकाशकाचे मोठे काम अंगावर घेतले होते. त्या प्रकाशकाचे दिवाळे निघाले आणि केलेल्या श्रमाचा मोबदला बुडाला. अशा वेळी आईने कंबर बांधली. इझलिंग्टन भागातील अपर स्ट्रीट नामक रस्त्यावर तिने दुकान काढले व तेथे लेस, किरकोळ शोभेच्या वस्तू आणि मुलांचे कपडे विकू लागली. दुकान चालले आणि घर सावरले. बापाची कोरणी थांबली तेव्हा आईच्या सुईने चार लेकरांस जगविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ह्याच दुकानाच्या वरच्या खोल्यांत केट वाढली. तिला बाहुल्यांचे विलक्षण वेड होते. दुकानातील चिंध्या व तुकडे घेऊन ती बाहुल्यांचे कपडे बेती. स्वस्तातल्या लहान लाकडी बाहुल्यांना तिने राणी व्हिक्टोरिया व तिच्या परिवाराचा पोशाख केला होता. कापड कसे आडवे धरले असता ताणते व उभे धरले असता सरळ पडते, हे ज्ञान तिला चित्रकलेच्या अगोदर झाले.

बाराव्या वर्षाच्या सुमारास तिला फिन्सबरी येथील चित्रशाळेच्या वर्गात घातले, व पुढे साउथ केन्सिंग्टन येथे तिचे शिक्षण झाले. १८६९ साली तिला रौप्यपदक मिळाले. १८७१ साली स्लेड ही नवी चित्रशाळा उघडून तीत स्त्रियांस प्रवेश मिळाला, तेव्हा ती तेथेही जाऊ लागली. मानवी देहाच्या रचनेचा अभ्यास करण्याची सोय त्या काळी विद्यार्थिनींना फार थोड्या ठिकाणी होती, आणि तिच्या शिक्षणात ही उणीव कायमची राहून गेली. ह्याविषयी पुढे बोलू.

प्रथम तिला भेटकार्डांचे काम मिळाले. तिच्या एका कार्डाच्या २५,००० प्रती काही आठवड्यांत खपल्या; त्याबद्दल तिच्या पदरी पडले अवघे ३ पौंड. पण ह्याच सुमारास तिने आपली खरी रीत शोधून काढली. चित्रात मुले दाखवावयाची तर त्यांना कोणते कपडे द्यावे? चालू फॅशन तिला आवडत नसे. म्हणून १८०० सालच्या आगेमागे जसे कपडे असत, तसे झगे, पिनाफोर, टोप्या व मुलांचे तुमानसदरे ती स्वतः बेतून शिवी, ते नमुन्यास बसणाऱ्या मुलांना किंवा लाकडी पुतळ्याला घाली, आणि मग चित्र काढी. आठवणीतून, जुन्या चित्रांतून व अडगळीतल्या कपड्यांतून ती बेत घेई. आईकडून आलेली विद्या येथे उपयोगी पडली.

अशा जुन्या तऱ्हेचा पिनाफोर हाताने कसा शिवतात, हे आमच्या भगिनींना जाणण्याची इच्छा असेल. अंगाचा वरचा भाग अगदी आखूड असतो; त्याची कंबर काखेखाली दोनचार बोटांवरच येते. खाली घेराचे कापड लांब व रुंद घ्यावे. घेराच्या वरच्या काठाला धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालून दोरे हलकेच ओढावे, म्हणजे बारीक चुण्या पडतात. त्या सुईच्या टोकाने सारख्या करून वरच्या भागाला टीप घालून जोडाव्या. एकच ओळ घातली तर चुण्या फिरतात व बसत नाहीत, म्हणून दोन. बाह्यांच्या व गळ्याच्या कडा तिरप्या कापलेल्या पट्टीने बांधून घ्याव्या, पाठीमागे बंद किंवा गुंड्या लावाव्या, आणि खालची दुमड रुंद ठेवून बारीक टाक्यांनी तुरपावी. मूल वाढते, कापड वाढत नाही. ह्यासाठी जुन्या बायका घेरात दोनतीन आडव्या दुमडी शिवून ठेवीत व वर्षावर्षाने एकेक उसवीत. ज्या काळच्या तऱ्हेचे हे वस्त्र, त्या काळी उंची झग्यांसाठी विलायतेत बंगालच्या मलमलीला मोठी मागणी होती; केटबाईंच्या आयुष्यात मात्र तिकडील गिरण्यांचेच सुती कापड सर्वत्र झाले होते.

ज्याने चुणी स्वतः ओढली आहे त्याला ती कोठून सुटते व कोठे मिटते हे ठाऊक असते. केटबाईंच्या चित्रांतील झगे खरेखुरे अंगावर पडलेले वाटतात ते ह्यामुळे. केवळ पाहून काढणाऱ्यांची चित्रे पुष्कळ वेळा अधिक सफाईदार असतात, पण त्यांतील कपडे काढून दुसऱ्या मुलाला घालता येतील असे वाटत नाही.

१८७८ च्या सुमारास बापाने आपला जुना सोबती एडमंड इव्हान्स ह्याच्याशी तिची गाठ घालून दिली. हा रंगीत छपाईत फार कुशल होता. तिने चित्रे व कवने घालून केलेले 'अंडर द विंडो' हे पुस्तक त्याने छापावयास घेतले आणि ६ शिलिंग किमतीच्या ह्या पुस्तकाच्या एकदम २०,००० प्रती काढल्या. प्रकाशक रौटलेज त्याला हसला. १८७९ साली पुस्तक बाहेर पडले आणि दुसरी आवृत्ती छापून होण्याच्या आतच पहिली संपून गेली. त्यानंतर 'मदर गूज', 'मॅरिगोल्ड गार्डन', 'ए ॲपल पाय' अशी पुस्तके एकामागून एक निघाली. ब्राउनिंग कवीच्या हॅमेलिनच्या पुंगीवाल्याच्या काव्यालाही १८८८ साली तिने चित्रे दिली. १८८३ पासून १८९५ पर्यंत दर साली व नंतर एकदा १८९७ साली तिची छोटी पंचांगे निघाली.

आता नवल असे झाले की चित्रांतले कपडे चित्रांत राहिले नाहीत. इंग्लंड, फ्रान्स व अमेरिका ह्या देशांतील आया आपल्या मुलींना ग्रीनवेच्या तऱ्हेचे झगे शिवू लागल्या. लंडनच्या लिबर्टी ह्या प्रसिद्ध दुकानाने तिच्या चित्रांवरून मुलांचे कपडे तयार करून विकले. बश्या, फरशा, भिंतीचे कागद, बाहुल्या, सर्वांवर तिची मुले उमटली, आणि ती बहुतेक तिला न विचारता उमटली. रोलस्टनच्या शेतकऱ्याच्या मुलीचा पिनाफोर आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वावरू लागला. नकल करणारे गबर झाले. केटबाईंना पुस्तकांच्या नफ्याचा वाटा मिळे, पण ह्या बाजारातून फारसे काही हाती आले नाही. चित्राचा हक्क सांगता येतो. झग्याच्या बेताचा हक्क कोण कोणाला सांगणार?

ह्याच काळात जॉन रस्किन ह्या थोर कलाचिकित्सकाशी तिचा स्नेह जडला. १८८० साली पत्रव्यवहार सुरू झाला, १८८२ च्या अखेरीस भेट झाली, आणि १८८३ साली ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात त्याने तिची वाखाणणी केली. परंतु खाजगी पत्रांतून तो तिला सारखा टोची. पाय नीट काढता येत नाहीत, देह कपड्यांखाली लपविला जातो, म्हणून टोप्या, जोडे व झालरी बाजूस ठेवून तिने देहरचना शिकावी. खडक, गवत, शेवाळ समोर ठेवून निसर्ग काढावा, असा त्याचा आग्रह. तिने गुरुवचन मानून खडक व शेवाळ मोठ्या कष्टाने काढलेही. आमचे मत विचाराल तर पायांविषयी रस्किनचे म्हणणे खरे होते; तिच्या मुलांचे पाय खरोखरच कच्चे आहेत. पण कपडे ही तिची लपण्याची जागा होती असे तो समजला, तेथे तो चुकला. कपडे हाच तिचा विषय होता. सुतारासारखे ज्याला लाकूड समजते त्याला लोखंड का समजत नाही म्हणून किती दिवस बोलावे? ती मात्र त्याच्या पत्रांची वाट पाहत राही. १८८९ पासून त्याचे मन आजाराने ढासळले, उत्तरे येईनाशी झाली, तरी १९०० च्या जानेवारीत तो मरेपर्यंत ती त्याला लिहीत गेली.

१८८५ साली ती आईबापांसह हॅम्पस्टेड येथे, नॉर्मन शॉ ह्या शिल्पज्ञाने आखून दिलेल्या नव्या घरात राहावयास गेली. तिने लग्न केले नाही. १८९० साली बाप वारला, १८९४ साली आई. लोकांची आवड फिरली होती. पिनाफोर व टोप्यांचा आता कंटाळा येऊ लागला होता. १८९१, १८९४ व १८९८ साली तिच्या चित्रांची प्रदर्शने भरली, पण पूर्वीची गर्दी नव्हती. तिने तैलचित्रांत हात घातला. तेथे जम बसला नाही. ह्या वयात नवी विद्या शिकण्यास बसलेल्या बाईची धडपड वाचताना आम्हांस वाईट वाटले. ज्या बाजारात तिची नकल करून इतरांनी पैसे केले, त्याच बाजारात आता तिलाच गिऱ्हाईक शोधावे लागत होते.

शेवटची दोन वर्षे तिला स्तनाचा कर्करोग जडला होता. पुष्कळ काळ तिने तो जवळच्या माणसांनाही कळू दिला नाही. १९०१ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ६ तारखेस ती आपल्या घरी वारली. त्या वेळी तिचे वय ५५ वर्षांचे होते. वोकिंग येथे दहन होऊन तिची रक्षा हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत ठेवण्यात आली.

१९५५ साली इंग्लंडातील ग्रंथपालांच्या संघाने मुलांच्या पुस्तकांतील उत्तम चित्रांसाठी तिच्या नावाचे पदक ठेविले. अलीकडे त्या पदकास कार्नेगी हे नाव दिल्यामुळे तेथून तिचे नाव गेले आहे. पिनाफोरावरून मात्र ते गेलेले नाही. काखेखाली कंबर आणि खाली चुण्यांचा लांब घेर असा बेत कोणी मुलीसाठी कापू लागले, म्हणजे विलायतेतील शिवणारणी त्याला आजही ग्रीनवेची तऱ्हा म्हणून ओळखतात.