यकृतातील तारकांचा शोधक

कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८२९ रोजी लेस्टेन या गावी झाला. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेले हे गाव आज लॅटव्हिया या देशात आहे. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. डॉर्पाट विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केल्यावर कुप्फर यांनी शरीररचनाशास्त्राला वाहून घेतले. कील, क्योनिग्सबर्ग आणि १८८० पासून म्युनिक येथे ते प्राध्यापक होते.

१८७६ मध्ये ते यकृतातील मज्जातंतूंचा शोध घेत होते. त्यासाठी यकृताच्या पातळ कापांवर गोल्ड क्लोराइडची प्रक्रिया करून ते सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळीत. मज्जातंतूंऐवजी त्यांना केशवाहिन्यांलगत चांदण्यांच्या आकाराच्या काळसर पेशी दिसल्या. त्यांना त्यांनी ‘तारकापेशी’ म्हटले. या पेशी केशवाहिन्यांच्या बाहेरच्या बाजूस असतात, हे त्यांचे अनुमान अचूक होते.

पुढे १८९८-९९ च्या सुमारास, रक्तातील परके कण गिळणाऱ्या पेशी त्यांना यकृतात आढळल्या. या आपल्याच तारकापेशी होत, असे समजून त्यांनी पूर्वीचे मत बदलले. वस्तुतः या पेशी निराळ्या होत्या. केशवाहिन्यांच्या आत राहून त्या जंतूंचा व जीर्ण रक्तपेशींचा नाश करतात. १६ डिसेंबर १९०२ रोजी म्युनिक येथे कुप्फर यांचे निधन झाले. गैरसमज मात्र मागे उरला. या भक्षक पेशीच ‘कुप्फर पेशी’ म्हणून प्रसिद्ध झाल्या.

१९७१ मध्ये जपानी संशोधक केंजिरो वाके यांनी कुप्फर यांचीच जुनी पद्धत वापरून या दोन पेशी भिन्न असल्याचे दाखवून दिले. निरोगी यकृतात तारकापेशी ‘अ’ जीवनसत्त्व साठवतात. परंतु दीर्घकाळचे मद्यपान, ‘बी’ व ‘सी’ प्रकारचा विषाणुजन्य यकृतदाह किंवा यकृतात साचलेली चरबी यांमुळे यकृताला सतत इजा होत राहिली, की कुप्फर पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे तारकापेशींचे रूप पालटते. जीवनसत्त्वाचा साठा गमावून त्या कोलॅजनचे चिवट तंतू निर्माण करू लागतात. जखम भरताना व्रण उमटावा, तसे यकृत हळूहळू तंतुमय व कठीण होते आणि अखेर निकामी होऊ शकते. इजेचे कारण वेळीच दूर झाले, तर हे व्रण बऱ्याच अंशी विरूही शकतात. म्हणूनच या विकारावरील औषधांच्या संशोधनात तारकापेशींना मोठे महत्त्व आले आहे.

कुप्फर यांचा निष्कर्ष पुढे चुकला. पण त्यांचे पहिले निरीक्षण खरे होते. त्याची पद्धत त्यांनी नोंदवून ठेवली होती, म्हणूनच पंचाण्णव वर्षांनंतर त्या चुकीची दुरुस्ती होऊ शकली.