शिकारी राजपुत्र, घरातला बाप



दरवर्षी ३ नोव्हेंबरला युरोपातील अनेक गावांत संत ह्युबर्ट यांचा सण साजरा होतो. हे संत शिकाऱ्यांचे आश्रयदाते. दंतकथा अशी की, एका पवित्र दिवशी सर्व लोक चर्चमध्ये असताना ह्युबर्ट कुत्री घेऊन जंगलात शिकारीला गेले. त्यांच्यासमोर एक सांबर आले आणि त्याच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला. ह्युबर्ट घोड्यावरून उतरले, गुडघे टेकले आणि तेथून त्यांचे आयुष्यच पालटले. पुढे ते लिएजचे बिशप झाले व ७२७ साली देवाघरी गेले.

आज आम्ही तुम्हाला दुसऱ्या एका शिकाऱ्याची ओळख करून देणार आहोत. त्याला असे सांबर कधी दिसले नाही. पण त्याच्या आयुष्यात दुसरे काहीतरी आले, ज्याने त्याला बंदूक भिंतीला टेकवून जमिनीवर बसायला शिकवले. त्याचे नाव आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड. साराजेव्हो येथे त्यांचा खून झाला आणि पहिले महायुद्ध पेटले, एवढे एक वाक्य पाठ करून आपण परीक्षा दिली. त्या वाक्याच्या मागे एक नवरा होता, तीन मुलांचा बाप होता, हे मात्र कोणी आपल्याला सांगितले नाही.

फ्रान्झ फर्डिनांड यांचा जन्म १८ डिसेंबर १८६३ रोजी ग्राझ येथे हाब्सबर्ग या कॅथलिक राजघराण्यात झाला. सम्राट फ्रान्झ जोसेफ हे त्यांचे सख्खे काका. ते सात वर्षांचे असताना, १८७१ मध्ये, आई क्षयाने वारली. दोन वर्षांनी वडिलांनी पोर्तुगालच्या ब्रागांझा घराण्यातील मारिया थेरेसा या राजकन्येशी विवाह केला. ही सावत्र आई वयाने अगदी लहान होती, पण तिने आईविना वाढणाऱ्या या मुलाला पोटच्या पोरासारखे जवळ केले. आयुष्यभर मनातले सांगायला त्यांना हीच एक जागा होती.

शिकारीचा नाद त्यांना लहान वयातच लागला. राजघराण्यात त्याचे कोणाला नवल नव्हते. स्वतः सम्राटांना शिकार प्रिय होती. पण सम्राटांची ती विश्रांती होती आणि पुतण्याची ती भूक होती. पुढे १८८९ मध्ये सम्राटांचा एकुलता एक मुलगा रुडॉल्फ याने मायरलिंग येथील आपल्या शिकारीच्या बंगल्यात जीव दिला. मागे पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी राहिली. या शोकांतिकेमुळे राजगादीचा वारसा फ्रान्झ फर्डिनांड यांच्या वडिलांकडे आणि १८९६ मध्ये वडील वारल्यावर त्यांच्याकडे आला.

हे युवराज आपल्या मुंबईलाही येऊन गेले आहेत. १८९२ च्या डिसेंबरात ते ट्रिएस्ट बंदरातून आगबोटीने जगप्रवासाला निघाले आणि १८९३ च्या जानेवारीत मुंबईत उतरले. पुढे हैदराबाद, ग्वाल्हेर, नेपाळ असा त्यांचा प्रवास झाला. ठिकठिकाणी त्यांच्यासाठी हाके घातले गेले, वाघांच्या शिकारी झाल्या. ऑस्ट्रेलियात त्यांनी कांगारू मारले. या प्रवासाची त्यांनी लिहिलेली रोजनिशी नंतर दोन खंडांत छापली गेली. तिच्यात देवळे, बाजार, माणसे आहेत, पण शिकार पानोपानी आहे.

त्यांनी आयुष्यभर मारलेल्या प्राणी-पक्ष्यांची नोंद ठेवली होती. हा आकडा पावणेतीन लाखांच्या जवळपास जातो. आम्ही सहज हिशेब करून पाहिला. चाळीस वर्षे धरली तर रोज सरासरी १८ हून अधिक जीव होतात, तेही रविवार, आजारपण आणि प्रवास न वगळता! हे कसे शक्य झाले? एक माणूस रानात एकटा फिरून एवढी शिकार करू शकत नाही. तेव्हाच्या राजेरजवाड्यांच्या शिकारीत शेकडो हाकारे रान उठवीत आणि ससे, तित्तिर, फेझंट यांचे थवेच्या थवे बंदुकीसमोर आणीत. मागे उभे असलेले नोकर एकामागून एक भरलेल्या बंदुका हातात देत. नेम उत्तम होता, पण सावजाला सुटकेची वाट क्वचितच होती. बोहेमियातील कोनोपिश्ट येथील त्यांचा किल्ला आज लोकांना पाहण्यासाठी खुला आहे. तेथील लांबच लांब भिंती शिंगांनी आणि मुंडक्यांनी भरून गेल्या आहेत. पाहणाऱ्याला प्रथम आश्चर्य वाटते आणि मग हळूहळू उदास वाटू लागते.

याच माणसाच्या आयुष्यात सोफी शोटेक आल्या. त्या बोहेमियातील एका जुन्या सरदार घराण्यातील होत्या, पण राजघराण्यातील नव्हत्या. एका आर्चडचेसकडे त्या सेविका-सहचरी म्हणून नोकरीला होत्या. युवराज त्या घरी वारंवार येत, तेव्हा मालकिणीला वाटे, की त्यांचे मन आपल्या मुलीवर बसले आहे. असे सांगतात की, एकदा टेनिस खेळून झाल्यावर युवराज आपले घड्याळ तेथेच विसरले. मालकिणीने त्यातील झाकण उघडून पाहिले, तर आत छबी निघाली ती सोफीची! मोठा गहजब झाला. सम्राटांनी विवाहाला साफ नकार दिला. युवराजही हटले नाहीत. दुसऱ्या कोणाशी लग्न करणार नाही, असे त्यांनी ठामपणे कळविले.

शेवटी तोडगा निघाला, पण तो कडू होता. २८ जून १९०० रोजी दरबारात सर्वांसमक्ष युवराजांना शपथ घ्यावी लागली, की आपल्या पत्नीला सम्राज्ञीचा मान मिळणार नाही आणि आपल्या मुलांना गादीवर हक्क राहणार नाही. तीन दिवसांनी, १ जुलै रोजी, राइखश्टाट येथे विवाह संस्कार झाला. सम्राट आले नाहीत. सख्खे भाऊदेखील आले नाहीत. सावत्र आई मात्र आपल्या दोन मुलींना घेऊन उभी राहिली.

व्हिएन्नाच्या दरबारात सोफींना पुढची चौदा वर्षे अपमान गिळावा लागला. मेजवानीच्या वेळी राजघराण्यातील सर्व स्त्रिया, अगदी लहान मुलीसुद्धा, पुढे जात आणि युवराजांची पत्नी सर्वांत शेवटी, एकटी आत येई. समारंभात पतीच्या शेजारी गाडीत बसण्याची तिला मुभा नव्हती. ज्या बायकांनी सासरी सर्वांसमोर खाली पाहायला लावणारे बोल ऐकले आहेत, त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

आणि इथेच या शिकाऱ्याची दुसरी बाजू दिसते. दरबारात जो मान मिळत नव्हता तो मागत बसण्याऐवजी त्यांनी आपले घर दरबारापासून दूर नेले. कोनोपिश्ट, ख्लुमेत्स, डॅन्यूबकाठचे एकार्टझाऊ, साल्झबर्गच्या डोंगरातील ब्ल्यूनबाख ही सारी शिकारीची ठिकाणे. पण तेथे कोण पुढे चालणार आणि कोण मागे, हे ठरविणारा कोणी अधिकारी नव्हता. तेथे सोफी घरधनीण होत्या. १९०१ मध्ये मुलगी सोफी, १९०२ मध्ये माक्सिमिलियन आणि १९०४ मध्ये एर्न्स्ट अशी तीन मुले झाली. १९०८ मध्ये झालेले बाळ मात्र मृत जन्मले.

बाहेर हे युवराज तापट, संशयी आणि फटकळ म्हणून प्रसिद्ध होते. घरी मात्र वेगळेच चित्र असे. सावत्र आईला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कळविले होते, की सोफीशी लग्न करणे हे आपल्या आयुष्यातले सर्वांत शहाणपणाचे काम ठरले. संध्याकाळी आपण वर्तमानपत्र वाचत बसतो, सोफी विणकाम करते आणि मुले खोलीभर लोळत टेबलावरच्या वस्तू खाली पाडतात, यापरते सुख नाही, असा त्या मजकुराचा सूर होता. भेटीला आलेल्या मोठमोठ्या लोकांना युवराज मुलांच्या खेळण्यांमध्ये जमिनीवर बसलेले दिसत.

आम्हाला येथे खोटे गोडवे गायचे नाहीत. लग्नानंतर शिकार थांबली नाही. आकडा वाढतच गेला. पत्नी आणि मुले यांच्यामुळे राग शांत झाला, पण हाव शांत झाली नाही. १९१३ मध्ये ब्ल्यूनबाखच्या डोंगरात त्यांनी एक पांढरे शॅमॉय, म्हणजे आल्प्समधील रानबोकड, मारले. पांढरे शॅमॉय मारणारा वर्षभरात मरतो, असा तेथील शिकाऱ्यांचा समज होता. आपण ख्रिस्ती लोक अशा समजुतींवर विश्वास ठेवत नाही. तरी एक गोष्ट मनात येते. अशा समजुतींमधून जुनी माणसे एवढेच सांगू पाहत असतील, की काही तरी हात न लावता सोडून द्यावे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांनी दोघा पतिपत्नींना विंडसरला बोलावले. निमित्त फेझंटच्या शिकारीचे होते. स्वतःच्या दरबाराने नाकारलेला मान सोफींना परक्या दरबारात मिळाला. तेथून ते एका ड्यूककडे पाहुणे म्हणून गेले. शिकारीत बंदूक भरणारा नोकर बर्फावर घसरून पडला, बार उडाला आणि गोळ्या युवराजांच्या अगदी जवळून गेल्या. त्या दिवशी ते वाचले.

पुढच्या जूनमध्ये लष्करी पाहणीसाठी त्यांना बोस्नियात जायचे होते. ही भेट सेनाधिकारी म्हणून असल्याने तेथे पत्नीला शेजारी बसता येणार होते. मुलांचा निरोप ख्लुमेत्स येथे घेऊन दोघे निघाले. २८ जून १९१४. त्या अपमानकारक शपथेला बरोबर चौदा वर्षे झाली होती. साराजेव्होत सकाळी त्यांच्या गाडीवर बाँब फेकला गेला, पण तो मागच्या गाडीजवळ फुटला. नगरभवनातील कार्यक्रमानंतर जखमी अधिकाऱ्याला भेटायला रुग्णालयात जायचे युवराजांनी ठरविले. सोफींना मागे राहण्यास सुचविले गेले, पण त्यांनी पतीला सोडले नाही. चालकाने चुकीचे वळण घेतले, गाडी थांबली आणि समोर उभ्या असलेल्या गाव्रिलो प्रिन्सिपने दोन गोळ्या झाडल्या. एक सोफींच्या पोटात, एक युवराजांच्या मानेत. लाखो सावजांवर नेम धरणारा माणूस आता स्वतः सावज झाला होता. त्या क्षणी त्यांनी राज्याची आठवण काढली नाही. मुलांसाठी तू जिवंत राहा, अशी त्यांनी सोफीला विनवणी केली. काही मिनिटांत दोघेही गेले.

खटल्यात बाँब फेकणारा तरुण चाब्रिनोविच याने पश्चात्ताप व्यक्त केला. आपण ज्याला मारायला निघालो तो कोणाचा तरी बाप आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, आणि मरताना त्याने पत्नीला केलेली विनवणी मनाला लागली, असे त्याने न्यायालयात सांगितले. आम्हाला वाटते, या कथेतील सर्वांत मोठा धडा इथे आहे. बंदुकीच्या पलीकडून पाहिले की समोर फक्त सावज दिसते. त्याचे घर दिसत नाही.

व्हिएन्नात सोफींची शवपेटी पतीच्या पेटीपेक्षा खाली ठेवली गेली. मरणातही दर्जा सुटला नाही! राजघराण्याच्या दफनघरात पत्नीला जागा मिळणार नाही हे जाणून युवराजांनी आधीच आर्टश्टेटेन येथे स्वतःसाठी थडगे बांधून ठेवले होते. आज तेथे दोघे शेजारी शेजारी, एकाच उंचीवर विसावले आहेत. पोरक्या मुलांना नातलगांनी वाढविले. पुढे कोनोपिश्ट सरकारजमा झाले. १९३८ मध्ये नाझींना विरोध केल्याबद्दल दोन्ही मुलांना डाखाऊच्या छळछावणीत टाकले गेले. तेथे त्यांच्याकडून शौचकूप साफ करून घेत. दोघेही तेथून जिवंत परतले.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या छंदाला बंदी घातली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो, की अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करता येतो, पण विनाकारण त्यांना यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. तेव्हा आपल्यापैकी कोणी बंदूक घेऊन रानात जाणार नाही. पण छंद आपल्यालाही आहेत. कोणी सुट्टीच्या दिवशी पहाटे गळ घेऊन खाडीवर जातो, कोणी क्रिकेटच्या मैदानावर, कोणी बॅण्डच्या तालमीला, कोणी घरातच बसून हातातल्या फोनमध्ये हरवतो. छंद वाईट नसतो. फ्रान्झ फर्डिनांड यांच्याकडे पाहून आम्हाला दोन साधे प्रश्न सुचतात. माझ्या छंदाला कुठे पुरे म्हणायचे हे मला कळते का? आणि त्या छंदात माझ्या घरच्यांना जागा आहे का?

पहिल्या प्रश्नात ते नापास झाले. दुसऱ्यात मात्र उत्तीर्ण झाले. भिंतीवर टांगलेली हजारो शिंगे त्यांच्याबरोबर गेली नाहीत. शेवटच्या श्वासाला ओठांवर आली ती बायको आणि मुले. या रविवारी मिस्साहून घरी गेल्यावर जेवणाच्या टेबलावर हे दोन प्रश्न एकमेकांना जरूर विचारा. उत्तर मुलांना आधी देऊ द्या.