डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि दोन खेड्यांचा जमाखर्च

उजनीच्या जलाशयाकाठी राहणाऱ्या आपणां सर्वांस एक गोष्ट नित्य दिसते. एकाच गावात दोन घरे सारखीच राबतात. परंतु वर्षाअखेर एकाच्या गाठीस चार पैसे उरतात आणि दुसरे कुटुंब बिऱ्हाड उचलून ऊसतोडीस निघते. असे का व्हावे? कोणी नशिबास बोल लावतो, कोणी आळसास. ह्या प्रश्नाचे उत्तर घराघरांतील जमाखर्चात शोधणाऱ्या एका इंग्रज गृहस्थांची ही हकीकत आहे.

हॅरॉल्ड हार्ट मॅन ह्यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडात झाला. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९०० साली चहाच्या मळ्यांसंबंधी संशोधन करण्याकरिता ते हिंदुस्थानात आले, आणि १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे मुख्य अधिकारपदही त्यांजकडे आले. परंतु त्यांचे नाव राहिले ते पदांमुळे नव्हे.

पुण्याजवळ पवनेच्या काठी पिंपळे सौदागर हे गाव आहे. पवनेचे पाणी मुळा-मुठेतून भीमेस मिळून आपल्या उजनीतच येते. मॅनसाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या गावातील शेत न् शेत व घर न् घर तपासले आणि १९१७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे सरासरी खातेदाराकडे सुमारे ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती अवघी ७ एकर उरली होती! बाहेरची मजुरी जमेस धरूनही सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचा खर्च भागत नव्हता. मग ही माणसे जगत तरी कशी? अर्थात काही कर्ज काढून, काही पोटास चिमटा घेऊन.

नंतर श्री. कानिटकर ह्यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुक हे पुण्यापासून लांबचे कोरडवाहू गाव निवडले. १९२१ साली निघालेल्या ह्या दुसऱ्या ग्रंथात तोट्यातील कुटुंबांचे प्रमाण पाचांत चारांहून अधिक आढळले. पिंपळ्यास खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ होता, तेथील रोख मजुरी घरात येई. जातेगावास तसा आधार नव्हता. सारांश, मजुराची मिळकत केवळ त्याच्या मनगटावर अवलंबून नव्हती.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, दोन गावांत पाणी, जमीन, अंतर असे अनेक भेद असता नेमक्या कोणत्या कारणाने किती फरक पडला, हे कसे ठरवावे? शंका रास्त आहे. त्यासाठी संख्याशास्त्रात समाश्रयण नावाची रीत आहे. शेकडो कुटुंबांची माहिती घेऊन, बाकीच्या बाबी सारख्या धरल्यास एक एकर जमीन किंवा शाळेचे एक वर्ष वाढल्याने मिळकत किती बदलते, ह्याचा अंदाज ती देते. मॅनसाहेबांचे काम मात्र साध्या कोष्टकांवर चालले. पण गणित कितीही सूक्ष्म असो, उंबरठ्यावर बसून घेतलेली खरी माहिती नसेल तर ते व्यर्थच. आणि ती मिळविणे हेच अधिक कष्टाचे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कर्जाचा खरा आकडा परक्यास कोण सुखासुखी सांगतो?

१९२७ साली ते सेवानिवृत्त झाले व नंतर इंग्लंडात वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर काम करू लागले. तरी दख्खनचा विचार सुटला नाही. १८६५ ते १९३८ पर्यंतच्या येथील पावसाचा व दुष्काळांचा अभ्यास त्यांनी १९५५ साली, वयाची ८० वर्षे उलटल्यावर, प्रसिद्ध केला. १९६१ साली त्यांचे देहावसान झाले.